लोलकाचा निकाल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर नगराध्यक्षाबाईंचा फोटो होता आणि त्यावर माझ्या वहिनीनं दोरीला धरलेला पितळी लोलक लोंबत होता.

"गोल फिरला तर माणूस खरा, आडवा झुलला तर खोटा!" लोलकवाले गुरुजी गरजले. "विश्वाच्या कंपनांना वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाही!"

पुरावाही लागत नाही, हे सांगायला मात्र ते सोयीस्करपणे विसरले.

लोलक आडवा झुलला. सभागृह उसळलं.

झालं होतं असं, की नळाचं पाणी पिऊन शहरातली कितीतरी मुलं आजारी पडली होती. मग कुणीतरी नाव लपवून समाजमाध्यमावर लिहिलं, की पाणी दूषित असल्याचं बाईंना आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी ते दडपलं. बाईंनी आरोप फेटाळला. चौकशी बसली, पण चौकशीला वेळ लागतो. लोलकाला लागत नव्हता. बाईंचा भाऊ शिंपी. लोक त्याच्याकडून न शिवलेली कापडं परत नेऊ लागले. एके सकाळी त्याच्या दुकानाची काच फुटलेली दिसली.

वहिनीचा तर लोलकावर पूर्ण विश्वास बसला होता. तिचा धाकटा त्या पाण्यानं मरणाच्या दारातून परत आला होता.

"भाऊजी, मी स्वतः हातात धरला होता. शपथ घेऊन सांगते, मी हलवला नाही. आपोआप झुलला!"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला धास्ती वाटली.

माझी बायको शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पुढच्या सभेत ती उभी राहिली. "गुरुजी, फोटो पाकिटात घातला तर चालेल?"

"कंपनांना कागद अडवतो होय?" गुरुजी हसले, आणि तिथेच फसले.

तिनं बाईंचा आणि ओळखीच्या आणखी काही जणांचे फोटो एकसारख्या पाकिटांत घालून पाकिटं पिसली. कुठल्या पाकिटात कोण, हे तिलाही कळेना. लोलक वहिनीनं धरला. पहिल्या पाकिटावर तो गोल फिरला. दुसऱ्यावर आडवा.

"खोटा! खोटा!" लोक ओरडले.

बायकोनं दुसरं पाकीट उघडलं. आत वहिनीच्या धाकट्याचा फोटो होता.

वहिनी मटकन खाली बसली.

"आज कंपनं गढूळ आहेत," असं पुटपुटत गुरुजी लोलक गुंडाळू लागले.

"कंपनं नाहीत, बोटं," बायको म्हणाली. "आपला हात पूर्ण स्थिर कधीच नसतो. मनात जे असतं, तसा तो नकळत हलतो आणि दोरीच्या टोकाशी ती हालचाल मोठी दिसते. फोटो समोर असला, की लोलक आपलंच मत आपल्याला ऐकवतो."

तेवढ्यात कुणीतरी पहिलं पाकीट फोडलं. आत नगराध्यक्षाबाई!

"गोल फिरला होता! म्हणजे बाई निर्दोष!" टाळ्या सुरू झाल्या.

"अहो, नाही!" बायकोचा आवाज चिरकला. "दोरीला कळत नाही म्हणजे काहीच कळत नाही. बाई दोषी आहेत हेही नाही आणि निर्दोष आहेत हेही नाही!"

टाळ्या थांबल्या. लोक चिडून, पाय आपटत बाहेर पडले.

"मग माझ्या पोराला कुणामुळे भोगावं लागलं?" वहिनीनं विचारलं.

बायको तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "माहीत नाही गं. अजून माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनी चौकशी समितीपुढे गेली. मुलाला कधी, कसा त्रास झाला ते तिनं सांगितलं आणि पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष सगळ्यांसमोर मांडा, अशी मागणी केली. निकाल अजून लागलेला नाही. बाई दोषी ठरल्या, तर त्यांना शिक्षा व्हावी, असं मलाही वाटतं. पण तोवर लोलकाला विचारू नका आणि निनावी मजकुरालाही विचारू नका. चौकशी करणाऱ्यांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. आणि कुणी तुमचं मत विचारलं, तर "मला अजून माहीत नाही" असं म्हणायला लाजू नका.