दात्याच्या दिवशी नाश्ता बंद

नागसेनच्या घरात वर्षातला एक दिवस मोठ्या लगबगीचा असतो. तो त्याच्या वडिलांचा, भिवाजींचा स्मृतिदिन. भिवाजी जन्मभर लोकांच्या कापसात राबले, पोराला शिकवलं, आणि पोरगा गुडीहत्नूरच्या तहसील कचेरीत कारकून झाला. आदिलाबादजवळ मावल्याला त्यानं घर बांधलं. त्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली की वडिलांच्या नावानं जवळच्या अनाथाश्रमात जेवण द्यायचं, हा त्याचा नेम. चांगला नेम आहे, वाईट कोण म्हणतं? तुम्हीआम्ही सगळे असे नेम पाळतो. वाढदिवस आला की केक, स्मृतिदिन आला की पुऱ्या-जिलेबी, झेंडावंदन आलं की लाडू. मग त्या लेकरांना कमी ते काय!

यंदा नागसेननं एका पुढाऱ्याला वाढायला बोलावलं होतं. पुढारीच तो, वेळेवर येतो कशाला? ऊन डोक्यावर आलं तरी त्याच्या गाडीचा पत्ता नव्हता. पुऱ्या टोपल्यात गार होत होत्या, जिलेबीवर माश्या घोंघावत होत्या, आणि मुलं ओळीनं मांडी घालून, ताटापुढं हाताची घडी घालून बसली होती. कोणी हूं की चूं करत नव्हतं. नागसेनला त्यांच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

त्याची आई भागीरथाबाई मात्र ओळीतल्या एका मुलीपाशी जाऊन टेकली. मयूरी तिचं नाव. असेल सहा-सात वर्षांची. केस राठ आणि भुरे, ओठांच्या कडा फुटलेल्या, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं आलेलं.

"काऊन वं माय, अशी कोमेजली? सकाळी काय खाल्लं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"काई नाई."

"काई नाई म्हंजे?"

"आज दाता हाय न," मयूरी म्हणाली. जणू एवढ्यात सगळं आलं.

आश्रमाचे व्यवस्थापक यशवंतराव जवळच उभे होते. भागीरथाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "आजी, दात्याच्या दिवशी आमी सकाळचा नाश्ता बंदच ठेवतो. पोट भरलं असलं की पोरं पानात टाकतात. मंग दात्याले वाईट वाटते. आपल्या भिवाजीबाबाच्या नावाचं अन्न वाया जावं का, तुमीच सांगा?"

"अहो, पण लेकरं हायेत थे!"

"आई, तू गप बस न," नागसेन मध्येच म्हणाला. "इथले नियम असतात. साहेब येतीलच आता."

हो, नागसेनला हा नियम ठाऊक होता. गेल्या वर्षीही ठाऊक होता. मुलं कशी तुटून पडतात, एक घास टाकत नाहीत, याचंच तर त्याला समाधान वाटायचं. आपण दिलेलं लेकरं आवडीनं खातात, असं तो कचेरीत सांगायचा. आवडीनं! उपाशी ठेवलेल्या लेकरापुढं दगड भाजून ठेवला तरी ते आवडीनं खाईल.

शेवटी साहेब आले. फोटोसाठी उभे राहिले, एका ताटात एक जिलेबी वाढली आणि गेले. यशवंतरावांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आजचं जेवण कोणाचं?" सगळी मुलं डोळे मिटून, हात जोडून ओरडली, "भिवाजी आजोबांचं!" त्या नावाशिवाय घास उचलायचा नाही, हा तिथला दुसरा नियम. नाव घेतलं आणि मुलं ताटावर वाकली. मयूरी चावतही नव्हती, नुसती गिळत होती.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, रात्री जुलाब. यशवंतराव काही दुष्ट माणूस नव्हता. त्यानं ओवा दिला, पोटाला हिंग लावलं. आणि एक मोठं शहाणपण केलं, तिचं पाणी बंद केलं! पाणी दिलं की जुलाब वाढतात, असं त्याच्या आईनं त्याला सांगितलेलं, आणि तिच्या आईनं तिला. पोरगी पाणी मागत राहिली आणि हा तिच्या भल्यासाठी नाही म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, तेव्हा घाबरून त्यानं नागसेनला फोन केला, कारण नागसेनकडे गाडी होती.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर प्रगती होत्या, मूळच्या भैंसा गावच्या. त्यांनी सलाईन लावलं, मुलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि या दोघांकडे वळल्या.

"पाणी कोणी तोडलं हिचं?"

"जुलाब होते म्हणून मॅडम..." यशवंतराव चाचरले.

"जुलाबानं अंगातलं पाणीच जातं, आणि तुम्ही वरून देणंही बंद केलं! मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं असतं, हे गल्लीगल्लीत सांगून आमचे घसे बसले हो!"

"मॅडम, जेवण ताजं होतं," नागसेन म्हणाला. "बाकीच्या मुलांना काही झालं नाही."

"जेवणाचं नंतर बोलू. हिच्या अंगात रक्त नाही, ते कालच्या जेवणानं गेलं का? पोटात जंत आहेत, तोंड फुटलंय. ही रोज काय खाते?"

"भात न पप्पू," यशवंतराव म्हणाले. पप्पू म्हणजे आपलं वरण.

"त्या पप्पूत डाळ सापडते का?"

"सापडते न मॅडम, तळाशी," यशवंतराव म्हणाले.

"अंडं? पालेभाजी? भिजवलेले मूग?"

"अंडं कोण देते मॅडम? दाते गोड देतात. वाढदिवसाले पालक घेऊन कोणी येते का? या महिन्यात किती केक आले तुमाले सांगू..."

"नका सांगू," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या केकवर वाढलेली पोरं माझ्याकडेच येतात. खोकला, जुलाब, खरूज, ताप. दुसऱ्या घरची लेकरं या आजारातून उठून खेळायला लागतात. ही उठत नाहीत, कारण अंगात झुंजायला काही नसतं. आणि अशा लेकराला सकाळभर उपाशी ठेवून वर तळलेलं न पाकातलं कोंबलं तुम्ही. कोणाच्या पुण्यासाठी हो?"

नागसेनचं तोंड एवढंसं झालं. त्याला रागही आला. आपण चांगलं करायला गेलो आणि ही बाई आपल्यालाच बोलते! असा राग आपल्यालाही येतो, नाही का?

दोन दिवसांत जुलाब थांबले. मयूरी उशीला टेकून बसायला लागली. डॉक्टरांनी हलकं खायला द्यायला सांगितलं, तेव्हा भागीरथाबाई घरून उकडलेलं अंडं घेऊन आल्या. सोलून, मीठ लावून तिच्या हातात दिलं. मुलीनं ते मांडीवर ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले आणि तशीच बसली.

"खाय न बाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

मयूरीनं डोळे उघडले. "आजी, कोणाचं नाव घेऊ?"

"कोणाचंच नाई वं. तुहंच हाय थे. तू खाय."

"नाव नाई घेतलं त यशवंत सार रागावते."

नागसेन दाराशी उभा होता. त्या पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि स्वतःच म्हणाली, "भिवाजी आजोबांचं." मग तिनं अंड्याचा घास घेतला. नागसेन व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लहान पोरासारखं रडू आलं त्याला!

मयूरी वाचली, असं लिहायला मला किती बरं वाटलं असतं. पण त्याच रात्री तिच्या छातीत कफ भरला, ताप चढला. डॉक्टर प्रगतींनी हातचं काही राखलं नाही, पण त्या अंगात औषधाला साथ देणारं काही शिल्लकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मयूरी गेली.

तिला घेऊन परतताना गाडीत नागसेन म्हणाला, "आई, मी बाबांच्याच नावानं केलं होतं न सारं?"

"तुहा बाप," भागीरथाबाई म्हणाल्या, "कापसाच्या पऱ्हाटीत दिवसभर वाकून यायचा, अन पहिली भाकर तुले द्यायचा. लेकरू उपाशी ठेवून त्याच्या नावाचा जयजयकार! मेल्यावर तरी त्याची लाज काढू नको, बाबू."

त्या वाक्यानं नागसेन बदलला. डॉक्टरांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते आईच्या या दोन शब्दांनी झालं.

पुढच्याच रविवारी त्याच्या मेहुण्याच्या, रविकांतच्या मुलाचा वाढदिवस होता. केक, फुगे, बिर्याणी, सगळा थाट त्याच आश्रमात. नागसेन सकाळीच तिथं पोचला. चूल थंड होती. त्यानं यशवंतरावांना बाजूला केलं, स्वतः उपमा टाकला, अंडी उकडली आणि मुलांना पोटभर खाऊ घातलं. रविकांत आला तेव्हा मुलं अंगणात धावत होती.

"हे काय करून राह्यले भाऊजी तुमी?" रविकांत भडकला. "आता माह्या पोराचं जेवण कोण खाईल?"

"भूक लागली की खातील. नाई त उरलेलं आपण घरी नेऊ."

"अन फोटो? अशे पोट भरलेले पोरं केकापाशी उभे तरी राहतील का?"

"रविकांत, मयूरी मेली रे!"

"एका पोरीसाठी साऱ्या दात्यांले तोडता का? दाते गेले त हा आश्रम चालन कसा?"

"दाते जाऊ दे," नागसेन म्हणाला. "मले लेकरं राहायले पायजेत. दर आठवड्याले अंडी, डाळ, भाजी मी देतो. बाबांच्या नावाची पाटी लावू नका, फोटो काढू नका. तुले जमलं त तूही ये."

रविकांतला जमलं नाही. तो केक आणि फुगे गाडीत टाकून निघून गेला. यशवंतरावांनी मात्र त्या दिवसापासून नाश्ता बंद ठेवला नाही, ते मुलांना पाणी उकळून देऊ लागले, आणि डॉक्टर प्रगती महिन्यातून एकदा येऊन मुलांना तपासू लागल्या, जंताचं औषध देऊ लागल्या. नागसेननं नातलगांना, कचेरीतल्या लोकांना विचारलं. मोजकेच हो म्हणाले. बाकीच्यांना पालेभाजी देण्यात मजा वाटेना.

वाढदिवसाच्या त्याच रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर रविकांतच्या मुलाच्या वाढदिवसाचे फोटो आले. दुसरा एक आश्रम सापडला होता त्याला. मुलं ओळीनं बसलेली, हाताची घडी, समोर केक. खाली नातलगांनी लिहिलं होतं, किती छान, किती पुण्याचं काम! नागसेननं त्या फोटोतला एकेक चेहरा निरखून पाहिला. कोणाचे केस भुरे होते, कोणाचे ओठ फुटलेले होते.

वाचकहो, त्या ओळीत तुमच्या-माझ्या घरचं लेकरू नाही, म्हणून आपल्याला तो फोटो छान वाटतो. आपल्या पोराला कोणी फोटोसाठी सकाळपासून उपाशी बसवलं असतं, तर आपण त्याची गचांडी धरली असती. द्यायचं असेल तर डाळ द्या, अंडी द्या, भाजी द्या, साबण द्या, आणि नाव न सांगता द्या. आश्रमात गेल्यावर तिथल्या स्वयंपाकघरात डोकावून विचारा, लेकरांनी आज सकाळी काय खाल्लं? लेकराला भूक रोज लागते. आपल्याला दया मात्र वर्षातून एकदाच येते, आणि तीही फोटो काढायला माणूस आला की!