सात मिनिटं

खिडकीतल्या बाईंनी तिसऱ्या गठ्ठ्याची दोरी सोडली, वरच्या धुळीवरून ओलं फडकं फिरवलं आणि गाडीचा नंबर पुन्हा विचारला. हळूभाऊने तो पुन्हा सांगितला. सकाळपासून ही त्याची तिसरी खिडकी. पहिलीने दुसरीकडे धाडलं होतं आणि दुसरी जेवायला गेली होती.

“नोटीस मिळाली नाही तुम्हाला?”

“आमच्या जुन्या डेपोच्या पत्त्यावर गेली. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. गाडीची कागदपत्रं नवी करायला गेलो, तेव्हा कळलं.”

“छान. म्हणजे खुर्च्या-टेबलांना नोटीस बजावली आम्ही.” बाईंनी एक कागद ओढून काढला. “हा घ्या. लाल सिग्नल तोडलाय. सकाळी दहा अठ्ठेचाळीस. फोटो आहे.” मग त्यांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. “अहो, ही तर ॲम्ब्युलन्स! मग तोंड एवढंसं करून काय उभे आहात? आत पेशंट होता ना?”

“होता.”

“मग झालं तर. त्या फेरीचा कागद लावा, पेशंटच्या घरचं कुणी आलं तर सोन्याहून पिवळं. पाच मिनिटांत मोकळे व्हाल.”

हळूभाऊने कागदाच्या चार घड्या घातल्या, तो खिशात ठेवला आणि आभार मानायचं विसरून चालू लागला.

अठरा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या माणसाला हळूभाऊ म्हणायचं, हा डेपोतल्या लोकांचा निव्वळ वात्रटपणा. पण नाव उगाच पडलं नव्हतं. गाडी रिकामी असली की हा माणूस पिवळ्या दिव्यालाही थांबायचा आणि सायकलवाल्याला हाताने ‘जा बाबा’ म्हणायचा. पेशंट असला की मात्र गाडी अशी न्यायचा, की मागच्या सिस्टरला सुई टोचताना हात सावरावा लागत नसे. दोघांच्या मध्ये एक काच होती. सायरनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. काचेवर एक टकटक म्हणजे हळू घे. दोन म्हणजे पळव. तीन म्हणजे संपलं. तीन वाजल्या की सायरन बंद करायचा आणि इतर गाड्यांसारखं सिग्नलला थांबायचं. डेपोचाच नियम होता तो. गेलेल्या माणसापायी रस्त्यावरच्या जित्या माणसाला धोका नको, हे हळूभाऊला मनापासून पटलेलं होतं.

त्या सकाळी तीन टकटक झाल्या, तेव्हा दहा एक्केचाळीस झाले होते. मागे मास्तरांची बायको होती. उपचार चालू असताना सिस्टरला मागे हलायला मोकळी जागा लागते, म्हणून मास्तर पुढे त्याच्या शेजारी बसले होते, मांडीवर बायकोच्या कपड्यांची पिशवी घेऊन. टायपिंगचा क्लास चालवता चालवता म्हातारा झालेला शिडशिडीत माणूस. वाटेत त्यांनी दोनदाच तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा ‘जरा लवकर’ एवढंच म्हणाले होते.

“काय म्हणतात सिस्टर?” टकटक ऐकून त्यांनी विचारलं.

“ऑक्सिजन वाढवला म्हणतात,” हळूभाऊच्या तोंडून निघून गेलं.

एकदा हे बोलल्यावर सायरन बंद कसा करणार? सात मिनिटांनी मोठा चौक आला. दिवा लाल होता. थांबलो तर म्हाताऱ्याला कळेल, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. तो थांबला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला आत नेलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन काय ते मास्तरांना सांगितलं. निदान दारापर्यंत तरी ती आपल्यासोबत होती, असं वाटतंय बिचाऱ्याला, असं म्हणत हळूभाऊने त्यानंतरचे चार महिने काढले. बरं वाटायचं त्याला ते.

खिडकीवरून तो कागद आणल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सिस्टरकडे गेला. ती बाटल्या मोजून पेटीत भरत होती.

“आकडा बदलायला सांगू नकोस,” तिने वर न बघताच सांगितलं. “फेरीच्या कागदावर मी दहा एक्केचाळीस लिहिलंय. ते तसंच राहील.”

“नाही गं सांगत.”

“त्या दिवशी काच वाजवून वाजवून माझी बोटं दुखली. तुझा सायरन आपला बोंबलतोय! का नाही थांबलास?”

“म्हातारा शेजारी होता.”

सिस्टरने पेटीचं झाकण लावलं. हा नियम तिलाही माहीत होता, की ज्याच्यावर कोर्टात गुन्हा शाबीत होतो, तो ड्रायव्हर ॲम्ब्युलन्सवर राहत नाही. त्याला सामानाची गाडी देतात आणि मग तो कायमचा खोकी वाहतो.

“कागद लावू नकोस मग,” ती हळूच म्हणाली. “नुसतं तोंडाने सांग, पेशंट होता म्हणून. सुटलास तर सुटलास.”

हळूभाऊचंही तेच ठरलं होतं. पण डेपोचे साहेब भला माणूस, आणि भल्या माणसाला आवरणार कोण? त्यांनी फेरीचा कागद न वाचताच पाकिटात घालून परस्पर कोर्टात पाठवला आणि वर मास्तरांना फोनही केला.

“अरे, ते स्वतः येतो म्हणाले!” हळूभाऊच्या पाठीवर थाप मारत साहेब म्हणाले. “काळजीच सोड तू.”

तारखेच्या दिवशी मास्तर आधीच येऊन बसले होते, पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या कोटात. त्यांनी लांबूनच हात केला. पाकीट मॅजिस्ट्रेट बाईंच्या टेबलावर होतं, वरून तिसरं.

त्याच्या आधी एक टेम्पोवाला झाला, एक पुढचा दिवा नसलेला झाला. मग पुकारा झाला आणि हळूभाऊ कठड्याशी जाऊन उभा राहिला.

“गाडीत रुग्ण होता?” बाईंनी विचारलं.

“होय, बाई.”

“सायरन चालू होता?”

“होय.”

“मला बोलायचंय,” मास्तर उठून उभे राहिले. “मी पेशंटचा नवरा. सगळा वेळ मी गाडीत होतो.”

“तुमचंही ऐकते, आजोबा. बसा.” बाईंनी पाकीट उचललं. “आधी हा कागद वाचू. नर्सने वेळा लिहिल्या असतील, म्हणजे प्रश्नच मिटला.”

त्यांनी पाकीट फोडलं. कोर्टात कागद मोठ्याने वाचायची पद्धत असते, हे हळूभाऊने मघापासून दोनदा पाहिलं होतं. त्याने मास्तरांकडे बघितलं. ते कान देऊन बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

“कबूल आहे,” हळूभाऊ म्हणाला.

“काय कबूल आहे?”

“गुन्हा. सिग्नल तोडायला नको होता, मी तोडला. ते वाचायची गरज नाही.”

बाईंनी कागद मनातल्या मनात वाचला. मग फोटोवरची वेळ पाहिली. मग त्यांनी आधी हळूभाऊकडे आणि नंतर पहिल्या बाकाकडे पाहिलं. कागद त्यांनी पुन्हा पाकिटात घातला.

“विचार करून बोलताय ना?”

“होय, बाई.”

“ठीक आहे. गुन्हा कबूल. दंड भरून पावती घ्या.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “आजोबा, तुमच्या साक्षीची आता गरज नाही.”

पावती घेऊन तो बाहेर आला. अठरा वर्षं गेली. पण म्हाताऱ्याची समजूत शाबूत राहिली, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं तो स्वतःला बजावत होता. पायऱ्यांवर मास्तर उभेच होते, आणि चांगलेच तापले होते.

“हे काय करून बसलात तुम्ही? मी शपथ घ्यायला आलो होतो! ती शुद्धीवर होती, चौक ओलांडताना तिने पाणी मागितलं, असं सांगणार होतो. चार दिवस घोकत होतो घरी.”

“पण मास्तर, तुम्ही तर पुढे बसला होता.”

“म्हणून तर घोकावं लागलं ना!”

मास्तर कठड्याला धरून सावकाश पायरीवर बसले. त्यांचा राग उतरला होता.

“त्या टकटक झाल्या, तेव्हा तुमचा हात सायरनच्या बटणाकडे गेला आणि परत आला,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांचे हात बघण्यात गेली माझी. कुठलं बोट कुठे अडलं, ते मला न विचारता कळतं.”

“तेव्हाच कळलं तुम्हाला?”

“तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलणार? तुम्ही एवढ्या जिवाच्या आकांताने गाडी हाणत होता. हे सगळं माझ्यासाठी चाललंय, एवढं समजत होतं मला. तुम्हाला थांबा म्हणायचा धीर झाला नाही.” ते रस्त्याकडे बघत राहिले. “नाहीतर मला मागे जाऊन बसायचं होतं हो तिच्याजवळ. दवाखान्यात त्यांनी तिला आत नेलं आणि दार लावलं. मला दाखवली ती थेट चादर घालूनच. हात बाहेर काढून बघितला, तर गार पडला होता.”

हळूभाऊ त्यांच्या शेजारी बसला. मघाशी कोर्टात त्याने चूक कबूल केली होती, पण आपण चुकलो असं त्याला वाटलं नव्हतं. आता त्याला रडू फुटलं. येणारेजाणारे बघत होते, पण त्याला थांबता येईना.

“माझं चुकलं, मास्तर.”

“राग नाही माझा. राग असता, तर खोटी साक्ष द्यायला आलो असतो का?” मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पण पुढच्या वेळी गाडी बाजूला घ्या. शेजारी जो असेल त्याला विचारा, मागे बसायचंय का म्हणून.”

“माझी गाडी गेली, मास्तर. उद्यापासून दुसरा कुणी येईल.”

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला. ते म्हणाले,

“मग त्याला सांगा.”