सवतीचं पाणी

अलीगंजात अशी वदंता होती की भास्करराव स्वतः नळाचं पाणी पितात आणि गाडीला मात्र उकळून, गाळून पाजतात. वदंता कसली, डोळ्यांदेखतची गोष्ट. दर रविवारी सकाळी बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आपल्या एकावन्न सालच्या मॉरिसपुढे बसकण मारी, रेडिएटरखालची तोटी सोडून जुनं पाणी काढी आणि नवं मलमलीच्या फडक्यातून ओती. रेडिएटर कुठे गळायला लागला, तर आत चमचाभर हळद. ती फुगून भोकात बसते नि गळती थांबते, ही त्यांची युक्ती.

मिस्त्री सांगून थकला होता. "साहब, टाँका लगवा लीजिए. हल्दी से नलियाँ जाम हो जाएँगी."

"अरे, हमारे यहाँ तो जखम पर भी हल्दी ही लगाते हैं," भास्कररावांचं ठरलेलं उत्तर. तीस वर्षांत त्या रेडिएटरने जेवढी हळद खाल्ली, तेवढीत चार गावांची लग्नं लागली असती.

लीलावतीबाई, म्हणजे त्यांची बायको, गाडीला सवत म्हणत. "तिला पाजता पाजता माझ्या तोंडात घालायचं विसराल हो एक दिवस!" याच गाडीतून बिठूरला गंगेवर नेण्याचा शब्द भास्कररावांनी तीस वर्षांपूर्वी दिला होता. उन्हाळ्यात इंजिन तापतं, पावसात रस्ता वाईट, थंडीत धुकं. शब्द तसाच राहिला.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात लीलावतीबाईंच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. सून नीला शेजारून गंगाजलाचा लोटा घेऊन आली, तर लीलावतीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"उसनं नको. यांना आणू दे. सवतीतून."

"आई, आता कसली मस्करी करताय?"

"मस्करी कसली? तीस वर्षं बोललेत. जा म्हणावं, मी थांबते." बाजाराला निघालेल्या शेजारणीसाठी दारात थांबावं, तशा सहज बोलल्या.

भास्करराव पहाटे निघाले. दहाच्या आत बिठूरच्या घाटावर पोचले, पाच लिटरचा डबा काठोकाठ भरला, झाकणात तुळशीपान खोचून कपाळाला लावला आणि वळले. उन्नाव मागे पडलं तसा तापमानाचा काटा चढू लागला. सोबतचे पाण्याचे दोन्ही डबे रेडिएटरने गटागटा पिऊन टाकले. मग एका वळणावर बॉनेटखालून अशी वाफ उसळली, की झाडावरचे कावळे उडाले. हापशी होती, मे महिन्यातली, नुसती हवा खोकणारी.

एक ट्रक थांबला. हरिहर नावाचा ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाकडे बघून त्याने मान हलवली. "अंकल, ये तो गई. डिब्बा उठाइए, आलमबाग तक छोड़ देता हूँ."

"और गाड़ी?"

"गाड़ी कहाँ भागेगी?"

भास्कररावांनी रस्त्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत चाकंसुद्धा राहणार नाहीत. बेवारशी टाकायची हिला?

"घर में बीमार है कोई?" डब्यावरचं तुळशीपान बघून हरिहरने विचारलं.

"हाँ. पर आप चलिए. ठंडी हो जाएगी तो मैं भी पहुँच जाऊँगा."

ट्रक गेला. इंजिन निवायला तास गेला. मग भास्कररावांनी एक तांब्या बाजूला काढला, डोळे मिटले आणि उरलेली गंगा रेडिएटरमध्ये ओतली. मलमलीतून, सवयीने. शहरात शिरता शिरता, आलमबागला, पुन्हा वाफ आली. मघाच्या ट्रकवाल्याचं तोंड आठवू नये म्हणून त्यांनी घाईघाईने तो तांब्याही ओतला.

अलीगंजात पोचले तेव्हा चार वाजले होते. नीला फाटकात उभी. "बाबा, लवकर! सारखं विचारतायत."

त्यांनी वाटी घेतली आणि गाडीखाली आडवे झाले. तोटी सोडली. हळदीने पिवळं, गंजाने तांबूस, खळखळतं उकळतं पाणी वाटीत पडलं. बोटं पोळली, तरी वाटी सोडली नाही.

लीलावतीबाईंनी डोळे किलकिले केले. वाटीतून वाफ येत होती. त्यांना रंग दिसला असावा. ओठाचा एक कोपरा हलला. "तिचं उष्टं?"

"गंगेचं पाणी उष्टं होत नसतं, लीला."

"द्या मग."

"पोळेल गं. निवू दे जरा."

ते फुंकर घालू लागले. नीलाने वर्तमानपत्राने वारा घातला. भास्करराव वाटी या हातातून त्या हातात घेत होते, बोट बुडवून बघत होते. अजून कढत. अजून. थोडंच राहिलं, लीला. आता झालंच.

"बाबा," नीला हळूच म्हणाली आणि तिने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्यांनी तरी आणखी चार फुंकरा घातल्या. मग कोमट झालेलं पाणी चमच्याने ओठांत सोडलं. ते आत गेलं नाही; हनुवटीवरून ओघळलं आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग पडला.

बाहेरून पाण्याचा आवाज येत होता. तोटी बंद करायची राहून गेली होती. गाडीखालून पाण्याची धार गल्लीतल्या गटाराकडे चालली होती. भास्करराव वाटी धरून बसून राहिले. उठून तोटी बंद करायला ते काही गेले नाहीत.