भेगेतला चमकता दगड

दुर्गाबाईंनी सख्ख्या भावाला चारचौघांत झोपाळू ठरवलं, ही गोष्ट किरनापूरच्या बाजारात दोन वर्षं चघळली गेली. चघळणारच! हिरालाल वीस वर्षं बहिणीच्या चुन्याच्या भट्टीवर जागला होता. भट्टी पेटली की तीन दिवस जाळवाल्यानं, म्हणजे जाळ राखणाऱ्यानं, खाटेला पाठ लावायची नाही, असा तिथला कायदा. भट्टी निवली की भाजलेला पहिला खडा सगळ्यांसमोर घमेल्यातल्या पाण्यात टाकायचा. तडतडून फुटला तर जाळवाल्याला नारळ. गुमान बसून राहिला, तर जाळवाला झोपला होता. बस, निकाल लागला.

बासष्टच्या उन्हाळ्यात खडा गुमान बसला.

"निजला होता?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाई बाई, तुई शपथ."

पुढच्या खेपेला हिरालालनं हट्टानं दुप्पट लाकूड घातलं, डोळ्यांत तेल घालून जागला. खडा आणखीच मुका. तिसऱ्या खेपेलाही तेच. दुर्गाबाई आधीच तापट, त्यांनी आणलेला नारळ परत पिशवीत घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "माह्या भट्टीवर खोटा मानूस नको." हिरालाल बायकोच्या माहेरी, लामत्याला निघून गेला. त्यानंतरच्या दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या.

मग फकिरा नावाच्या गड्याला जाळावर बसवलं. खडा मुका. फकिरालाही झोपाळू म्हणून हाकललं. शेवटी बाई स्वतः बसल्या. तीन दिवस डोळ्याला डोळा लागू दिला नाही, आणि खडा घमेल्यात ढिम्म! आता आली का पंचाईत? आपणच बसल्या बसल्या डुलकी काढली की काय, असं त्यांना वाटू लागलं. त्या लोकांना विचारत सुटल्या, "मी निजली होती का गा?" लोक काय सांगणार? डोक्याचा नुसता भुगा झाला.

चौसष्टच्या उन्हाळ्यात बालाघाटहून दगडांची पाहणी करणारे चिंतामणसाहेब भट्टीचा दगड जिथून येई त्या टेकडीतल्या खाणीवर आले. दुर्गाबाईंनी त्यांना तिथंच गाठलं आणि सगळं गाऱ्हाणं ओकून टाकलं.

साहेबांनी बाटलीतलं तेजाब, म्हणजे आम्ल, पूर्वी भट्टीत जाणाऱ्या जुन्या निळसर दगडावर टाकलं. फस्‌ करून फेस आला. मग त्यांनी टेकडीच्या भेगेजवळचा दगड उचलला. साखरेसारखा रवाळ, उन्हात चमकणारा. त्यावर तेजाब टाकलं, काहीच नाही. चाकूनं खरवडून भुकटी केली, तेव्हा कुठं चार बुडबुडे आले.

"हा डोलोमाइट आहे, दुर्गाबाई. जुन्या दगडाला लागणाऱ्या जाळावर हा नको इतका भाजून निघतो, मग पाणीच धरत नाही. जितकं लाकूड जास्त, तितका हट्टी."

"पन टेकडी तं एकच हाय!"

"एकच. पण फार पूर्वी ती इथं फाटली. खोलवरून कढत पाणी या भेगेतून वर चढलं. जाता जाता त्यानं दगडातला थोडा चुना नेला आणि आपल्यातलं मॅग्नेशियम ठेवलं."

दुर्गाबाईंनी भेगेत वाकून पाहिलं. कोरडी ठक्क. "कढत पानी? आमच्या इहिरीचं पानी तं थंडगार हाय. कोनं पाह्यलं ते पानी?"

"कुणीच नाही."

"मंग तुमाले कसं समजलं?"

साहेब हसले. "दगडावरून. किती कढत होतं, यावर आमच्यातही भांडणं आहेत."

बाईंना निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट कळायला साहेब लागत नव्हता. बासष्ट साली खाण भेगेकडं वळवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. चमकतो म्हणून दगड चांगला, असं त्यांनाच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून त्या लामत्याला पोचल्या. हिरालाल अंगणात खाटेच्या काठावर बसला होता. वाळून अर्धा झाला होता. डोळे लाल.

"दगडच बदलला होता, हिरा. खालून कढत पानी आलतं."

"कवा?"

"मानसं नव्हती तवा. मले बी पुरतं समजलं नाई बापा. पन तू निजला नव्हता. तो दगड मीच निवडला होता. चुकली मी."



"खरंच निजलो नव्हतो? बाई, मले तं वाटून राह्यलं होतं का मी निजलोच असन. तू म्हनली म्हनून. आता पाठ टेकली का दचकून उठतो. वाटते, जाळ विझला."

दुर्गाबाईंना रडू आवरेना. त्यांनी पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो फोडला नाही, उशाशी ठेवला आणि हळूच आडवा झाला. थोड्या वेळानं भरदुपारी त्याचं घोरणं ऐकू येऊ लागलं. दुर्गाबाई पदरानं वारा घालत बसल्या.

त्याची बायको जिजाबाई ताट घेऊन हाक मारायला आली. दुर्गाबाईंनी हात आडवा धरला.

"नको उठवू व. निजू दे त्याले."