भांगावरची पोर

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची. बटण दाबले की फट्कन उघडणाऱ्या आजच्या छत्र्या मला पाहून हसतात. हसू देत. त्यांच्यापैकी एकीने तरी हॉकीचा चेंडू अडवला आहे का? मी अडवला आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. आठ काड्या, वेताची मूठ आणि जाड कापड. पनवेलच्या बाजारात काशिरामने मला निवडले ते नुसती मूठ धरून, कापडाकडे न बघता. काशिराम उरणचा कोळी. सारा जन्म खाडीत गेला. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा लेक नीता त्याला पनवेलला आपल्या घरी घेऊन आली. तो गॅलरीत बसून रस्ता बघायचा आणि मी दारामागच्या खिळ्यावर लटकायची. दोघेही सारखेच कंटाळलो होतो.

२००९ साली एका दुपारी ऊन फार होते म्हणून त्याने मला बरोबर घेतले. फिरत फिरत आम्ही एका शाळेच्या मैदानापाशी आलो. तिथे मुली हॉकी खेळत होत्या. काशिराम उभा राहिला तो राहिलाच. त्या दिवसापासून रोज चार वाजता आम्ही कडेच्या दगडावर हजर. नियम त्याला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. शिट्टी का वाजली हे तो मलाच विचारायचा! पण पोरी मात्र त्याला बरोबर कळायच्या.

गोलात उभी राहणारी रिया ही त्याची 'खेकडी'. आडवी सरकायची, नांग्या सदा तयार. सई म्हणजे उधाण. चार जणींना चुकवून सुसाट जायची आणि पाचवीच्या पायात चेंडू देऊन यायची. "आलं जोरात, गेलं जोरात, हाती काय? कचरा!" असे तो म्हणायचा, पण ती पडली की सर्वांत आधी तोच उठायचा.

आणि बेलपाड्याची कोमल? ती फारशी धावायचीच नाही. मैदानाच्या मधोमध दोन पावले इकडे, दोन तिकडे, आणि चेंडू आपण होऊन तिच्या स्टिकवर यायचा. लोक तिला आळशी म्हणायचे. खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटे. काशिराम मात्र म्हणायचा, "ही भांगावरची पोर हाय."

हा शब्द समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येते. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्या दिवसांना कोळी भांग म्हणतात. वरून पाणी निजल्यासारखे, खालून मात्र हलते. तेव्हा गळ टाकणाऱ्याला धावाधाव करून भागत नाही, डोके चालवावे लागते. काशिरामच्या तोंडी याहून मोठे कौतुक नव्हते.

२०१२ साली रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शाळांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना होता. त्यातून जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. निवड झाली नाही तर हॉकी बंद, असे कोमलच्या आईने बजावले होते. सकाळी ती कोपऱ्यात गप्प बसली होती. संघाला शिकवणारे चारुदत्त सर काशिरामला म्हणाले, "काका, तुम्ही रोज बघता. ही आज अशी का बसलीय?"

"सर, ती भांगावर हाय! आज तिला सोडू नका."

सर मूळचे पुण्याचे. त्यांना एकच भांग ठाऊक, ती प्यायची. 'भांगावर' आणि 'भांगेवर' यांत फरक एका मात्रेचा, तोही प्रेक्षकांच्या ढोलाच्या आवाजात बुडाला. त्यात कोमलच्या कानामागे कालचा गुलाबी रंग तसाच होता. सरांनी तिला काही विचारलेच नाही. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढे बोलून बाहेर बसवले आणि कारण रियाला सांगून टाकले.

मध्यंतराला आपला संघ एका गोलाने मागे होता. काशिराम चरफडत कोमलपाशी गेला. "बाय, तू का नाय खेळत?"

"तुमीच सरांना सांगितलं ना, मी भांग प्यायले म्हणून? रिया बोलली मला."

ज्या पोरीवर त्याचा सर्वांत जास्त जीव, तिचेच नाव त्याच्या तोंडून खराब झाले होते. मला फार वाईट वाटले.

गुडघे विसरून तो सरांकडे गेला. त्याने माझ्या टोकाने मातीत एक उंच लाट काढली. "हे उधाण. ही सई." शेजारी एक संथ रेघ ओढली. "ह्यो भांग. ही कोमल. समद्यांत डोकं हिचंच हाय. भांग म्हंजी पाणी, सर! खाडीचं पाणी!"

सरांनी कपाळावर हात मारला. सगळ्यांसमोर ते कोमलला म्हणाले, "चुकलो मी. आधी तुला विचारायला हवं होतं. जा, खेळ."

ती गेली आणि मधोमध उभी राहिली. "अगं, धाव की!" लोक ओरडले. सई सुसाट आली, पण या वेळी तिने मान वर करून कोमलकडे बघितले आणि चेंडू दिला. कोमलने तो अडवलाच नाही, नुसता स्पर्श करून मोकळ्या जागेत सोडला. सई तिथे पोहोचली आणि गोल झाला. थोड्या वेळाने एक चेंडू थेट काशिरामच्या गुडघ्यांवर आला. त्याने मला उलटे धरले आणि मुठीने अडवला. माझी मूठ तडकली, पण मी हटले नाही.

सामना बरोबरीत सुटला. कोमलची निवड झाली. तिने आपल्या स्टिकवरची पट्टी सोडवून माझ्या मुठीला घट्ट गुंडाळली. ती अजून आहे.

काशिराम २०१६ साली गेला. नीताने मला कोमलच्या हाती दिले. माझी एक काडी मोडली, तर कोमलने तिथे सायकलची तार बसवून घेतली. मित्रांनो, जुनी वस्तू मोडली म्हणून लगेच टाकू नका. आणि कुणी गप्प उभे असेल, तर नावे ठेवण्याआधी त्याला एकदा विचारा.

आता कोमल त्याच मैदानावर लहान मुलींना शिकवते आणि मी त्याच दगडापाशी असते. काल एक चिमुरडी मधोमध शांत उभी होती. तिचे वडील ओरडले, "झोपलीस का? धाव!" मागून केस पिकलेले चारुदत्त सर पुढे आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"थांबा हो. ती भांगावर हाय."