व्याह्यांसाठी राखलेली कोंबडी

रामनाथने तांबडीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा त्याच्या मनात माया वगैरे काही नव्हती. होता तो फक्त रस्सा.

रविवारी अकलोलीचे व्याही जेवायला येणार होते, मुलीच्या, उन्नतीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. टेमघर गावातल्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली, पण व्याही आले की घरची गावठी कोंबडी कापायची ही रीत काही कुठल्या गोदामाखाली गेली नव्हती. दुकानातली बॉयलर वाढली तर व्याही केसरीनाथ तोंडावर काही बोलले नसते. परतीच्या वाटेवर मात्र वज्रेश्वरी येईपर्यंत दुसरं काही बोलले नसते. म्हणून रामनाथच्या बायकोने, पुतळाबाईने परसातली तांबडी राखून ठेवली होती.

आणि नेमकी तीच गुरुवारी सकाळी मान आखडून कोपऱ्यात बसली. गळ्याखाली लिंबाएवढा फुगवटा, चोचीच्या कडेला लोंबणारा पांढरा धागा.

पुतळाबाईने बोटाने दाबून पाहिलं. "खाल्लेलं खाली उतरलंच न्हाय. संध्याकाळी भरलेली ही पिशवी सकाळी रिकामी पायजे. ही बघा, कणकेचा गोळा."

रामनाथ धागा ओढायला गेला, तशी सून भाविका मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, "ओढू नका बाबा, आत कापेल. बाहेर आहे तेवढाच कात्रीने कापा. पण टोपलीत घातलं काय होतं तुम्ही?"

रामनाथने धागा सोडला. अंड्यांच्या टोपलीत घालायला पेंढा मिळत नव्हता. शेतंच नाहीत तर पेंढा कुठला? म्हणून त्याने मुलाच्या कापडाच्या लूमवरून कापून पडलेल्या सुताचा गुंता आणला होता. मऊ, स्वच्छ आणि फुकट. त्या दिवशी स्वतःच्या अकलेवर इतका खूश होता की दोघा-तिघांना बोलावून टोपली दाखवली होती.

"तुमी घातलंत, आता तुमीच काढा," पुतळाबाई म्हणाली. "रविवारपर्यंत बरी व्हायला पायजे. आजारी कोंबडी व्याह्यांच्या ताटात जायची न्हाय."

"म्हंजे बरी करायची आणि मग कापायची?"

"मग काय, शाळेत घालायची?"

दाणे बंद झाले. भाविकाने वाचून दाखवलं तसं रामनाथ ओटीवर बसून ड्रॉपरने कोमट पाणी पाजू लागला, थेंब थेंब, मधे थोडं खोबरेल. मग दोन बोटांनी तो गोळा हलकेच चोळायचा. शेजारची ठकुबाई कुंपणावरून म्हणाली, "असं कुरवाळून काय व्हतंय? उलटी धरा, एक झटका द्या, पडंल भाईर."

त्याने पाय धरलेसुद्धा. "बाबा, नको," भाविका आतून ओरडली. "पाणी श्वासात जाईल, गुदमरेल ती." त्याने इतक्या घाईने तांबडीला सरळ केलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पहिला दिवस ड्युटी म्हणून गेला. चहाला निघालेला गावातला दौलत फाटकातून विचारून गेला, "काय रामनाथशेट, बारसं कधी?" शुक्रवारी रामनाथ तिच्याशी बोलायला लागला. गुडघा, मुलाचं ऐकून न घेणं, लूमची शिफ्ट बदलली की सगळ्या घराचं बिघडणारं जेवण. तांबडी डोळे अर्धे मिटून सगळं ऐकून घ्यायची. घरात असं माणूस दुसरं नव्हतं. गोळा हळूहळू सैल पडत होता. आणि बोटांना ते जाणवलं की तो गोष्ट अर्धी सोडून नुसताच हसायचा.

शनिवारी तिच्या शिटेत सुताचा गुंता पडला.

"अगो, बाहेर ये," त्याने हाक मारली. "लवकर ये."

पुतळाबाई पिठाच्या हातांनी धावत आली, पाहिलं आणि म्हणाली, "या वयात मला कोंबडीची शी बघायला बोलावताय." पण वाकून बघितली मात्र नीट. दुपारी त्याने हातावर मऊ दहीभात धरला. तांबडीने तो टिपला आणि चोच सावकाश त्याच्या लुंगीला पुसली. संध्याकाळी स्वयंपाकघरातून वाटणासाठी खोबरं भाजल्याचा वास आला. तो वास रामनाथला आयुष्यात पहिल्यांदाच नकोसा झाला.

रविवारी सगळ्यांच्या आधी उठून त्याने खुराडं उघडलं. तांबडीला मांडीवर घेऊन गळ्याखाली बोट लावलं. पिशवी रिकामी होती. गोळा नाही, गाठ नाही, नुसती मऊ सैल कातडी. तो तसाच बसून राहिला.

मागून पुतळाबाई आली. हातात परात, परातीत सुरी.

"कशी हाय?"

"गाठ हाय अजून," तो अंगणाकडे बघत म्हणाला. "कालच्यापेक्षा वाढलेली दिसते. पार दगड."

पुतळाबाईने परात खाली ठेवली, त्याच्या शेजारी टेकली आणि स्वतःच्या बोटांनी चाचपलं. एकदा, मग पुन्हा. तांबडीने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं. पुतळाबाईने नवऱ्याकडे बघितलं. तो अजून अंगणातच काहीतरी शोधत होता, कान मात्र लाल झाले होते.

"खरंच की," ती म्हणाली. "दगडच हाय. अशी कशी वाढायची व्याह्यांना?"

रामनाथने डॉक्टरसारखी गंभीर मान हलवली.

"उठा आता. मासळीबाजारात जिताडा मिळतो का बघा. मोठा आणा, तुकडा ताटाबाहेर आला पायजे."

"आणि केसरीनाथांनी कोंबडीचं विचारलं तर?"

"मी सांगते, आजारी पडली म्हणून. तुमी मधे बोलू नका. तुमाला खोटं बोलता येत न्हाय."

तो बाजाराची पिशवी शोधायला आत गेला. तांबडी मांडीवरून उतरून परसात जोरजोरात माती उकरायला लागली होती. पुतळाबाईने तिला उचललं, खुराड्यात ठेवलं, दाराला कडी लावली आणि वरून जुनी चादर टाकली. पाहुणे जाईपर्यंत इतकी ठणठणीत आजारी कोंबडी कुणाच्या नजरेला पडायला नको होती.