थोरलीचा कोपरा

पाइपात हवा सोडली की इंटरनेटची वायर आपोआप पुढे सरकत जाते, असं वायरमनने सांगितलं होतं. म्हणून अख्खं गाव चराच्या काठाने रांग लावून उभं होतं. यंत्र घुरघुरलं, बारीक काळी वायर वळवळत पाइपात शिरली आणि जेमतेम पहिल्या शेताच्या टोकापर्यंत जाऊन अडली. वायरमनने ती मागे घेतली, पुन्हा सोडली. ती हट्टी पोरासारखी त्याच जागी अडून बसली. शेवटी त्याने तिथली माती उकरायला लावली, आत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी," गवंडी छाती पुढे काढून म्हणाला.

बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी मिळणार. गावातला हा गवंडी मोठा नेटका माणूस. त्याच्या हातचा कोपरा गुण्यात नाही असं कधी झालं नव्हतं. चर खणायला गाव जमलं तेव्हा दोरी यानेच धरली, आणि जिथे जिथे बांध वळला तिथे तिथे गुण्या लावून, पाइप कापून, नळाला बसवतात तसा एल्बो बसवून टाकला. एकदम काटकोन. गावाने तेव्हा तोंडभरून कौतुकही केलं होतं.

"पाणी झकास वळतं की यातून," तो म्हणाला.

"पाणी वळेल हो, पण यातून पाणी नाही जायचं. आत केसाएवढी काच आहे, तिच्यातून उजेड धावतो. अशी वाकवली तर मोडते." वायरमन चिडला नव्हता, थकला होता. "ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर कसा वळतो? तसं ऐसपैस वळण पाहिजे. सगळे कोपरे काढा. मी शनिवारपर्यंत आहे. मग यंत्र घेऊन डोंगरापलीकडे जायचंय, आणि पुन्हा या बाजूला कधी पाठवतील ते मला विचारू नका."

गर्दीत एक बाई शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली. ती दातवाली.

दातवाली म्हणजे दात काढणारी नव्हे, दात करणारी. शहरातले डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ही आपल्या घराच्या मागच्या खोलीत दातांवरच्या टोप्या, कवळ्या घडवून द्यायची. हाताखाली गावातल्याच चौघी तिने शिकवून तयार केल्या होत्या. आधी प्लास्टरचे साचे दुधाच्या गाडीतून यायचे. मग डॉक्टरांकडे तोंडाचे फोटो काढणारं यंत्र आलं, आणि साच्यांबरोबर भल्या दांडग्या फायली येऊ लागल्या. येऊ लागल्या म्हणजे, निघायच्या. गावातलं इंटरनेट असं की अर्धा जबडा उतरला की बाकीचा वाटेत राहायचा. दातवाली लॅपटॉप घेऊन गाडीने फाट्यावर जायची, हॉटेलाच्या बाकावर बसून चहावर चहा पीत एकेक तोंड उतरवून घ्यायची. तिचं जास्तीत जास्त काम ज्यांच्याकडून यायचं त्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं होतं, "ताई, हात तुमचाच हवा. पण पुढच्या महिन्यापासून साचे बंद. फायली वेळेत उतरत नसतील तर शहरात या. माझ्या वरच्या मजल्यावर खोली आहे." डॉक्टर भला माणूस होता, म्हणून तर नाही म्हणणं कठीण. ती गेली तर त्या चौघींनी काय करायचं? आणि तिचं स्वतःचं घर, नवरा, परसातलं लिंबू? ती जाणार नव्हती. हे तिने ठरवून टाकलं होतं. फक्त न जाण्यासाठी काय करावं लागेल ते कळत नव्हतं.

फाट्यापर्यंत लाइन आम्ही आणतो, पुढे गावापर्यंत चर तुम्ही खणा, असं कंपनी म्हणाली तेव्हा सर्वात आधी कुदळ हिनेच उचलली. उंटावरून शेळ्या हाकणारे गावात पुष्कळ होते, त्यांनाही तिने दारात उभं राहून बाहेर काढलं. सुताराला म्हणाली, तुझ्या खुर्च्यांचे फोटो गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत, ये खणायला. गिरणीवाल्याला म्हणाली, तुझं यंत्र बिघडलं की कारागीर ते फोनवर बघू शकत नाही, ये खणायला. सगळे आले. फक्त एका बाईने सभेत उभं राहून सांगितलं, "माझ्या जमिनीला कुण्या परक्याने कुदळ लावायची नाही." ती दातवालीची थोरली जाऊ.

तेव्हा चर थोरलीच्या शेताला वळसा घालून काढला. ते बघून आणखी दोघा-तिघांना आपापली जुनी भांडणं आठवली, आणि चर बांधाबांधाने कोपरे घेत गेला. खरं सांगायचं तर तो जमिनीवरून कमी आणि भांडणांवरून जास्त फिरला होता.

आता कोपरे काढायचे ठरल्यावर गंमत झाली. सुताराने आपल्या शेताचा कोपरा कापू दिला. गिरणीवाल्याने तर कोपऱ्यावरचा उकिरडा स्वतः हलवला. गवंडी तोंड पाडून, पण न थांबता, आपलेच एल्बो उपसत होता. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एकच कोपरा उरला. त्याच्या बाहेरच्या बाजूला कातळ, आणि आतल्या बाजूला थोरलीचं शेत. तिथेच बांधावर तो हद्दीचा दगड होता, ज्याच्यावरून दोघी जावांचा अबोला सुरू झाला होता.

"ती शुक्रवारी बाजाराला जाते," सुतार हळूच म्हणाला. "आपण पटकन खणू, पाइप टाकू, माती सारखी करू. कळणार पण नाही."

"तिला कळत नाही असं गावात काही घडलंय का?" दातवाली म्हणाली. "आणि चोरून नाही. मी विचारून येते."

नवरा शेजारीच फावडं घेऊन उभा होता. हा आणि त्याचा थोरला भाऊ बायकांच्या पाठीमागे खुशाल बांधावर बसून गप्पा मारायचे. "तुम्ही येता का?" तिने विचारलं. तो म्हणाला, "मी? नको. मी इथली माती बघतो." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की या घराण्यातले पुरुष नेहमी माती बघतात.

ती गेली तेव्हा थोरली गोठ्यात धार काढत होती. तिने मान वर केली नाही. गाईला म्हणाली, "आज कोण वाट चुकलंय गं बाई?"

दोघींचा असाच रिवाज होता. थेट बोलायचं नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे लेकही नव्हती, म्हणून ते काम गाईकडे आलं होतं.

"वाट चुकले नाही," दातवालीने गाईलाच सांगितलं. "विचारायला आलेय म्हणावं."

"विचारायचं होतं तर तो दगड रोवला तेव्हा विचारायचं."

"दगड मोजणीवाल्याने रोवला. मी नाही."

"आणि मोजणीवाल्याला चहा कुणी पाजला?"

"दोघींनी पाजला. तुमच्या चहात साखर जास्त होती."

गाय शांतपणे रवंथ करत होती. थोरलीच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तेवढंच. धार संपली. तिने बादली बाजूला ठेवली, वासराच्या दाव्याची गाठ हाताने सुटेना, तशी दातात धरली आणि हिसका दिला.

दातवालीचा हात तिला अडवायला पुढे झाला. कारण ती कवळी होती, आणि कवळीने गाठी सोडायच्या नसतात.

आणि ती कवळी तिने स्वतः केली होती. दोन वर्षांपूर्वी थोरलीचे उरलेसुरले दात काढावे लागले. ती शहरातल्या डॉक्टरकडे गेली, माप दिलं, नवे दात लावून परत आली, आणि गावभर सांगितलं की काम असावं तर शहरातलं. माप आलं होतं दातवालीकडे. "तुमच्याच गावच्या बाई आहेत," डॉक्टर फोनवर म्हणाले, आणि तिला कळलं. साच्यावरून हिरडी कळते, त्यावर कधीकाळी दात कसे होते ते कळत नाही. पण तिला ते माहीत होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा थोरली फार हसायची, आणि नव्या घरात बावरलेल्या मुलीला त्या हसण्याचाच आधार होता. ती कवळी तिने मनासारखी होईपर्यंत पुन्हा पुन्हा मोडून केली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

आता तो शब्द तिच्या जिभेवर आला. ज्या दातांनी गाठी सोडताय ना जाऊबाई, ते कुणी केलेत विचारा. एका वाक्यात तिचे दात तिच्याच घशात गेले असते. पण दातवाली थोरलीला ओळखून होती. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तिने तिथल्या तिथे कवळी काढून हातावर ठेवली असती आणि जन्मभर पेज पिऊन राहिली असती. दातवालीने तो शब्द गिळला.

मग ती गाईला वळसा घालून पुढे आली आणि थोरलीच्या समोर उभी राहिली.

"जाऊबाई, मला तुमच्या शेताचा कोपरा पाहिजे. ट्रॅक्टर वळेल एवढा. पाइप खाली जाईल, वरून तुम्ही पेरा, नांगरा, काय हवं ते करा. दगड आहे तिथेच राहील. शनिवारी ते यंत्र जाणार. लाइन आली नाही तर मला काम शहरात न्यावं लागेल, म्हणजे घराला कुलूप. मला जायचं नाहीये. मला इथेच राहायचंय, तुमच्या शेजारी, भांडत का होईना. म्हणून मागतेय."

थोरलीने बादली उचलली. "वासरू उपाशी आहे," असं गाईला सांगून ती आत निघून गेली.

"काय म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"वासरू उपाशी आहे म्हणाली," दातवाली म्हणाली, आणि फावडं घेऊन कातळावर तुटून पडली. कोपरा मिळत नसेल तर कातळ फोडायचा. तिच्या मागोमाग सुतार आला, गवंडी पहार घेऊन आला, चौघी मुली आल्या. अंधार पडेपर्यंत कातळाचे टवके उडाले, खड्डा म्हणावा असं काही झालं नाही. हाताला फोड आले. ती म्हणाली, "उद्या पुन्हा."

शुक्रवारी उजाडताच ती गवंडी, सुतार आणि बाकीच्यांसह पहार घेऊन निघाली तर कोपऱ्यावर कुणीतरी आधीच होतं. थोरली, पदर खोचून, गुडघाभर चरात. बाजाराची पिशवी बांधावर तशीच पडली होती. शेताच्या आतून चर अर्ध्याहून जास्त खणून झाला होता, आणि त्याचं वळण असं देखणं, गोल होतं की गवंडी बघतच राहिला.

"जाऊबाई," दातवाली चराच्या काठावर थांबली.

"परक्याने कुदळ लावायची नाही म्हटलं होतं," थोरली कुदळ न थांबवता म्हणाली. "मी कुठे परकी आहे?" मग मान वर करून, सरळ दातवालीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आणि तू काय बघत उभी आहेस? उतर खाली. तू तरी कुठे परकी आहेस?"

गावाने ऐकलं. गाय तिथे नव्हती, तेव्हा हे थेट बोलणंच होतं. दातवाली खाली उतरली.

दुपारी वायरमनने वायर सोडली. पहिलं शेत, सुताराचं शेत, उकिरड्याची जागा, मग थोरलीचा कोपरा. तिथे सगळे काठावर वाकले. वायर सुळकन वळून पुढे गेली. गवंडी इतका खूश झाला की पुढच्या घराचा कोपरासुद्धा गोलच बांधणार म्हणाला, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

शनिवारी वायरमनने मागच्या खोलीत पेटी बसवली, हिरवा दिवा लागला. खोलीत चौघी होत्या, नवरा होता, आणि दारात, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा, थोरली होती. दातवालीने डॉक्टरांना फोन केला, आणि फोन खाली ठेवेपर्यंत पडद्यावर कुणातरी अनोळखी माणसाचं तोंड उघडलं. पूर्ण. दाढांच्या खाचांसकट.

मुलींनी टाळ्या पिटल्या. थोरली हळूहळू पुढे आली आणि पडद्यासमोर वाकून बघत राहिली.

"माझं तोंड पण असंच आलं होतं का?"

दातवालीच्या हातातला माऊस थांबला. "नाही," ती म्हणाली. "तुमचा साचा आला होता. दुधाच्या गाडीतून." आणि मग, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी." थोरलीने ओठ वर करून डावा सुळा दाखवला. तो शेजारच्या दातावर जरासा चढलेला, वाकडा होता. "डॉक्टर म्हणाला, बाई, हा एक चुकून तिरका लागलाय, सरळ करून मागवतो. मी म्हटलं, खबरदार हात लावाल तर. माप घेतलं तेव्हा माझ्या तोंडात एकही दात नव्हता. ज्याने हा असा बसवला, त्याने मला हसताना बघितलंय."

दातवालीने खुर्ची पुढे सरकवली.

थोरली बसली. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "चहा टाक आता. साखर जास्त घाल."